आधी बघा, मग पुसा

मी एक जुने घासयंत्र आहे. दचकू नका मित्रांनो, भांडी घासणाऱ्यांपैकी मी नव्हे. यंत्रशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या जाड लाकडी टेबलावर माझे ठाण आहे. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की किती अडतात, किती झिजतात, आणि मध्ये थोडे तेल पडले तर त्यांचे भांडण कितपत मिटते, एवढे सांगणे हे माझे काम. माझ्या पाटीवर ‘घर्षण व झीज मापन यंत्र’ असे भारदस्त नाव कोरलेले आहे, पण त्या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. सगळे मला घासू म्हणतात. पुढेपुढे मलाही ते आवडू लागले.

माझी रचना अगदी साधी आहे. पोटात मोटर, मोटरीवर पट्टा, आणि वर ताटासारखी गोल फिरणारी पोलादी चकती. या चकतीवर माझा आडवा हात येतो. ज्या पदार्थाची परीक्षा घ्यायची, त्याची खडूच्या तुकड्याएवढी कांडी माझ्या मुठीत बसवतात, हातावर वजने टांगतात आणि बटण दाबतात. मग चकती फिरू लागते, कांडी तिच्यावर घासत राहते आणि बाजूची सुई कागदाच्या गुंडाळीवर रेघ ओढत जाते. घर्षण वाढले की रेघ वर चढते, कमी झाले की खाली उतरते. चाचणीच्या आधी आणि नंतर कांडीचे वजन करायचे. जेवढे घटले, तेवढी झीज. झाले माझे शास्त्र! यावर लोकांनी जाडजूड प्रबंध लिहिले आहेत, पण आतली गोष्ट एवढीच आहे.

मला एका लेथवाल्या मिस्त्रींनी घडवले. ते फार कमी बोलत. माझी चकती घासून घासून त्यांनी इतकी सपाट केली की तिच्यात त्यांना स्वतःच्या मिशा मोजता आल्या असत्या. पहिल्यांदा मला चालू केले तेव्हा त्यांनी स्क्रूड्रायव्हरचे टोक माझ्या बेअरिंगवर टेकवले, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मी श्वास रोखून धरला होता. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “झोपलेल्या बाळासारखं चाललंय.” आयुष्यात माझे पुष्कळ कौतुक झाले, पण त्या वाक्याची सर कशालाच नाही. तेव्हापासून ऐकण्याची खोड मला लागली ती कायमची. कोण कुठे काय घासतेय, काय कुरकुरतेय, ते मला भिंतीपलीकडूनही कळते.

सुरुवातीची वर्षे थाटाची होती. गाड्यांच्या ब्रेकच्या पट्ट्या, पंपांची बेअरिंगे, तऱ्हेतऱ्हेची तेले, सगळ्यांनी माझ्यापुढे परीक्षा दिली. पाहुणे आले की विभागप्रमुख सर त्यांना थेट माझ्यापाशी आणत. “हे आमचं घासू. पोरं परीक्षेपुरतं घासतात, हे बारा महिने घासतं,” असे सर म्हणत आणि स्वतःच खो खो हसत. पाहुणे बदलले, विनोद बदलला नाही. पण माझ्या अंगावर दर वेळी मूठभर मांस चढे.

मग पडदा असलेले नवे यंत्र आले. ते रेघ कागदावर ओढत नाही, पडद्यावर रंगीत काढते. साहजिकच सगळे तिकडे वळले. मला कोपऱ्यात सरकवले. माझ्या चकतीवर कोणीतरी कुंडी ठेवली. हातावर छत्र्या टांगू लागले. ज्या हाताने पोलादाची परीक्षा घेतली त्या हातावर ओल्या छत्र्या! वाईट वाटले, नाही कशाला म्हणू? तसा मी शांत स्वभावाचा आहे, पण चकतीवर गंजाचा पहिला ठिपका उठला तेव्हा मला मिस्त्रींची आठवण झाली.

त्या कोपऱ्यातून मला बाहेर काढले ते मॅडमनी. त्या नव्यानेच संशोधनाला रुजू झाल्या होत्या. पडदेवाल्या यंत्रापुढे कायम रांग असे. मॅडमनी एक दिवस माझ्यावरची कुंडी उचलली, खाली वाकून पट्टा चाचपला आणि सरांना विचारले, “हे चालतं का?”

“चालत होतं,” सर म्हणाले.

“मग चालेल,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फडके हातात घेतले.

मित्रांनो, या फडक्याकडे नीट लक्ष द्या, कारण माझी खरी गोष्ट तिथूनच सुरू होते. मॅडमच्या खांद्यावर एक पांढरे सुती फडके कायम असे. पसारा दिसला, डाग दिसला, धुळीचा कण दिसला की त्यांचे हात शिवशिवत. मुले पाठीमागे त्यांना ‘लखलख मॅडम’ म्हणत. त्यांनी माझा गंज काढला, बेअरिंगात नवे ग्रीस भरले, पितळी पाटी उजळली. मी पुन्हा माणसांत आलो. म्हणजे यंत्रांत आलो. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. आणि तरीही सांगतो, पुढे जो घोटाळा झाला तो या फडक्यानेच केला.

मॅडमना एक भाची होती, भावाची मुलगी. अंगाने लहानखुरी, म्हणून घरात तिला टिल्ली म्हणत. तिची शाळा आमच्या इमारतीच्या मागेच होती. शाळा सुटली की ती आत्याकडे येई आणि बाबा न्यायला येईपर्यंत माझ्या टेबलाशी बसून खडूने फरशीवर चित्रे काढी. टिल्लीचा डावा पाय जन्मापासूनच मांडीपर्यंत होता. त्याखाली बनवलेला पाय लावलेला असे. तिला त्याचे काहीच वाटत नसे. त्या पायाने ती जिने चढे, टाळ्या देत नाचे आणि रागावली की तोच पाय आपटे, कारण तो दुखत नाही. तिचे दुखणे वेगळेच होते. त्या पायाचा गुडघा वाजायचा.

कुर्र-कुच, कुर्र-कुच. ती व्हरांड्याच्या टोकाला असतानाच मला कळे. गुडघ्यात एक पोलादी दांडी प्लास्टिकच्या नळीत फिरते. नळी कोरडी पडली की दांडी क्षणभर अडते, मग सुटते, पुन्हा अडते. गंजलेल्या बिजागरीचे दार असेच वाजते. पाय बनवणाऱ्या काकांनी तेल घालून पाहिले. तेलाने आवाज थांबला, पण तेलाला धूळ चिकटली, धुळीने नळी आणखी खरवडली गेली आणि टिल्लीच्या सगळ्या फ्रॉकांवर काळे डाग पडले. चार दिवसांनी पुन्हा कुर्र-कुच.

एका दुपारी ती फरशीवर न बसता माझ्या टेबलाला टेकून उभी राहिली.

“आत्या, मला लपंडावात कोणी घेत नाही.”

“का गं?”

“घेतात, पण काय उपयोग? मी लपते चांगली. पण धप्पा देता येत नाही. मागून जायला उठले की गुडघा वाजतो. मग लंबू वळूनसुद्धा बघत नाही. नुसता ओरडतो, ‘दार वाजलं रे!’ आणि सगळे हसतात.” लंबू म्हणजे तिच्या वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. ‘दार’ हे नाव त्यानेच ठेवले होते. “आत्या, मला एकदाच धप्पा द्यायचाय. लंबूच्या पाठीत. जोरात.”

मॅडमनी माझी चकती पुसली. ती आधीच स्वच्छ होती. मग म्हणाल्या, “बघते.”

दुसऱ्या दिवसापासून माझे काम बदलले. तेल न घालता शांत फिरेल आणि झिजणारही नाही, अशी नळी शोधायची होती. पितळ झाले, निरनिराळी प्लास्टिके झाली. काही कांड्या माझ्या मुठीत इतक्या किंचाळल्या की शेजारच्या वर्गातून निरोप आला. मेणासारख्या गुळगुळीत प्लास्टिकची एक कांडी बरी निघाली. आवाज नाही, रेघ खाली, पण चाचणीनंतर तिचे वजन थोडेसे घटलेले असे. थोडेसेच, पण दर वेळी. मग आली एका जातीच्या पांढऱ्या नायलॉनची कांडी. तीही शांत. लहान मूल आहे, पाय धुणार, भिजवणार, म्हणून मॅडमनी बाटलीला बारीक नळी लावून चकतीवर थेंब थेंब पाणी सोडले आणि ओल्यातली परीक्षा घेतली. चाचणी संपली. फडके फिरले. कांडी काचेच्या पेटीतल्या नाजूक काट्यावर गेली. वजन अजिबात घटले नव्हते. उलट केसभर वाढलेच होते.

“सर, झीज शून्य!” मॅडम जवळजवळ ओरडल्याच. “वजन जरासं वाढलेलं दिसतंय, पण ती काट्याची चूक असणार.”

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कांडीकडे पाहिले. “चांगली खाऊन-पिऊन सुखी दिसतेय,” ते म्हणाले आणि खो खो हसले. मॅडमही हसल्या. मेणकट कांडी ‘नापास’ लिहिलेल्या डब्यात गेली.

मी मात्र हसलो नाही. मला हसता येत नाही हे सोडा, पण त्या वेळी येत असते तरी हसलो नसतो. मी सगळे डोळ्यांत तेल घालून पाहत होतो. तेलाची माझ्याकडे कधीच वानवा नव्हती. प्रत्येक ओल्या चाचणीत त्या पांढऱ्या कांडीतून पिठासारखी बारीक पूड निघत होती. पाण्यात कालवून ती चकतीवर पसरत होती. ती कांडी झिजत होती, चांगली झिजत होती! पण मी थांबलो रे थांबलो की मॅडमचा हात यायचा, फडके एकदा गोल फिरायचे आणि चकती आरशासारखी लख्ख. फडकेही पांढरे, पूडही पांढरी. मॅडम, निदान एकदा बघा तरी, असे मी किती वेळा मनात ओरडलो. पण माझ्याकडे बोलायला एक सुई आणि एक रेघ. रेघ तर नेहमीसारखी खालीच होती. पूड निघते हे सांगणारी सुई मला कोणी बसवलेलीच नव्हती.

नव्या नळीचा गुडघा टिल्लीला बसला. ती व्हरांड्यातून आली ते आम्हा कोणालाच कळले नाही. दारात उभी राहून तिने दोन उड्या मारल्या, एका पायावर गिरकी घेतली आणि आत्याच्या गळ्यात पडली. “आत्या, ऐक! ऐक ना! काहीच नाही ऐकू येत!” मॅडम हसत होत्या आणि मी पाहत होतो. मनात म्हणत होतो, देव करो आणि माझेच चुकलेले असो.

सुट्टीतले शिबिर सुरू झाले. लंबूही त्यात होता. मुलांना रोज पाण्याचे खेळ होते, पाइपने भिजणे होते, झाडांना पाणी घालणे होते. टिल्ली रोज सगळ्यांत जास्त भिजून येई. संध्याकाळी आत्याजवळ बसून सांगे, “अजून धप्पा नाही दिला. घाई नाही करायची. लंबू अगदी बेसावध झाला पाहिजे.” तिची तयारी एखाद्या सेनापतीला शोभेल अशी चालली होती.

त्या दिवशी माझ्यावर अहवालासाठीची शेवटची ओली चाचणी चालू होती. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. मॅडमचा फोन वाजला.

“हां वहिनी, बोल. काय? हळू बोल गं, मला कळत नाहीये. पडली? कशी पडली? गुडघा काय झाला म्हणालीस, अडकला?”

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पर्स उचलली आणि त्या तशाच धावत बाहेर गेल्या. खांद्यावरचे फडके दारात गळून पडले, तेही त्यांना कळले नाही. मी चालूच राहिलो. ठरलेल्या फेऱ्या संपल्यावर आपोआप थांबलो. बाटलीतले पाणीही संपले. मॅडम माझ्याकडे आल्यापासून मला न पुसता सोडून गेल्या असे पहिल्यांदाच घडले. चकतीवरचे पाणी हळूहळू वाळत गेले.

काय झाले होते ते मला दुसऱ्या दिवशी सरांच्या आणि मॅडमच्या बोलण्यातून कळले. शिबिरात टिल्ली पाण्याच्या टाकीमागे लपली होती. लंबू अगदी बेसावध, पाठ करून उभा होता. ती धप्पा द्यायला उठली आणि गुडघा अर्ध्यावरच अडकून बसला. ती तोंडावर आपटली. हनुवटी फुटली, टाके पडले. पोर रडली नाही. पण घरी जाताना एवढेच म्हणाली, “मला जुना गुडघा द्या.”

“तो वाजतो,” मॅडम सरांना सांगत होत्या, “पण पाडत नाही, असं म्हणाली ती. माझ्याकडे बघितलं पण नाही, सर.” त्यांचे डोळे सुजलेले होते. बोलता बोलता त्या माझ्याजवळ आल्या. सवयीने त्यांनी दारातले फडके उचलून आणले होते. हात चकतीकडे आला आणि मध्येच थांबला.

चकतीवर एक पांढरे वर्तुळ होते. पाणी वाळून गेले होते आणि पूड मागे राहिली होती. दह्याचे ताट न धुता ठेवावे तसे ते दिसत होते.

“सर, हे काय?”

सर जवळ आले. मॅडमनी बोटाने वर्तुळ पुसले. बोट पांढरे झाले.

“ही कांडीतून आली. दुसरं आहेच काय इथे?”

“पण वजन घटत नाही म्हणत होतीस ना?”

मॅडमनी कांडी काट्यावर ठेवली. वजन घटले नव्हते. या वेळीही वाढलेच होते. दोघांनी एकदा चकतीवरच्या वर्तुळाकडे पाहिले, एकदा काट्याकडे. एवढी पूड बाहेर पडली तर आत भर कशाची पडली? मी मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसलो होतो.

मॅडम अचानक म्हणाल्या, “सर, त्या दिवशी तुम्ही काय म्हणाला होतात? खाऊन-पिऊन सुखी?”

“अगं, ते मी आपलं गमतीत म्हणालो.”

“पण तसंच झालंय! ही पाणी पितेय, सर. पिऊन जड होते. झिजून हलकी होते. दोन्ही मिळून काटा जागच्या जागी!”

त्यांनी एक कोरी कांडी घेतली, तिचे वजन केले आणि पिण्याच्या पाण्याच्या पेल्यात टाकून दिली. घासणे नाही, फिरणे नाही, नुसती बुडवून ठेवली. काही दिवसांनी काढून, कोरडी करून काट्यावर ठेवली तर काय? बाईसाहेब बसल्याबसल्या जाडजूड झाल्या होत्या. गुडघ्यातल्या नळीचेही तेच झाले होते. रोज भिजून ती फुगली होती आणि फुगून तिने दांडीला घट्ट आवळले होते.

माझा जीव भांड्यात पडला. मॅडमचा मात्र पडला नाही. त्या स्टुलावर बसल्या आणि हातातल्या फडक्याकडे पाहत राहिल्या.

“दर वेळी पूड असणार, सर. दर वेळी मीच पुसली.”

सर नेहमीसारखे हसले नाहीत. “पुसणं वाईट नसतं गं,” ते म्हणाले. “तुझा फक्त क्रम चुकला. आधी बघायचं, मग पुसायचं.”

मॅडमनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ते ठळक अक्षरांत लिहिले आणि सुतळीने माझ्या हातावर बांधले. आजही तो पुठ्ठा तिथेच आहे. कडा चुरगळल्या आहेत, पण अक्षरे वाचता येतात. त्या दिवसापासून आमच्याकडे रीतच पडली. मी थांबलो की आधी सगळ्यांनी वाकून चकतीकडे पाहायचे. पूड कोणत्या रंगाची, बारीक की भरड, कुठे साचली, ते टिपायचे आणि मगच फडके. आणि प्रत्येक ओल्या चाचणीला एक जोडीदार कांडी शेजारी नुसती पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे कोण किती पाणी प्यायले त्याचा हिशेब वेगळा काढता येतो.

‘नापास’ डब्यातली मेणकट कांडी पुन्हा बाहेर आली. ती पाण्याच्या पेल्यात कितीही दिवस पडून राहिली तरी टिपूसभर पाणी प्यायली नाही. तिची झीज थोडीशी होती आणि जेवढी होती तेवढी ती सरळ दाखवत होती. बिचारी खरे बोलली म्हणून नापास झाली होती, आणि लबाड पांढरी पहिली आली होती. मेणकटीची नळी काही वर्षे सहज टिकेल असे मॅडमनी मोजून काढले. झिजली की बदलायची. चपलेचा तळ नाही का बदलत आपण?

पण टिल्लीला कोण समजावणार? जुना गुडघा लावून ती पुन्हा माझ्या टेबलाशी बसू लागली होती. कुर्र-कुच करत यायची, कुर्र-कुच करत जायची. हनुवटीवर पट्टी होती. आत्याशी बोलायची, पण तोंडदेखले.

मॅडमनी तिची गोडीगुलाबीने समजूत काढली नाही. खडूचा डबा बाजूला सरकवून त्या तिच्याशेजारी फरशीवरच बसल्या.

“टिल्ले, चूक माझी होती. तुझ्या गुडघ्यात काय घालतेय ते मी नीट बघितलं नव्हतं. पुसत बसले.”

टिल्ली खडूने एकच रेघ पुन्हा पुन्हा गिरवत राहिली. मग म्हणाली, “तू मोठी आहेस ना? मग कशी चुकतेस?”

“मोठी माणसं घाईत असली की जास्तच चुकतात.”

“हम्म.” तिने खडू खाली ठेवला. “नवीन गुडघा केलास ना, तर आधी पाण्यात ठेव. पुष्कळ दिवस. मी रोज येऊन वाकवून बघणार. अडकला तर घालणार नाही.”

“कबूल.”

माझ्या टेबलाखाली एक निळी बादली आली. तिच्यात नवा गुडघा बुडवून ठेवला. टिल्ली रोज शाळेतून यायची, बाह्या वर करायची, गुडघा बाहेर काढायची आणि कानाजवळ धरून वाकवायची. मिस्त्री माझ्या बेअरिंगला कान लावायचे तशीच, डोळे मिटून. एकदा मॅडम फडके घेऊन पुढे आल्या तर तिने हात आडवा केला. “अजून मी बघितलं नाही!” मॅडम निमूटपणे मागे सरल्या. कितीतरी दिवस गेले आणि शेवटी एकदा तिने गुडघा वाकवला, सरळ केला आणि म्हणाली, “चालेल.”

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. माझी मोटर उशिरा जागी होते आणि सुई जराशी थरथरते. पडदेवाले यंत्र माझ्यापेक्षा कितीतरी हुशार आहे, हे मी आता कबूल करून टाकले आहे. तरी नवे विद्यार्थी आले की मॅडम त्यांना पहिली चाचणी माझ्यावरच करायला लावतात. हे एवढे मला पुरेसे आहे. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. तुमच्या घरातली शिलाईची मशीन, सायकल, पंखा, दाराची बिजागरी कधी कुरकुरली, तिच्याखाली पूड किंवा काळा डाग दिसला, तर लगेच पुसून मोकळे होऊ नका. आम्हाला तोंड नाही. जे काही सांगायचे ते आम्ही असेच सांगतो. आणि तोंड असूनही न सांगणारी माणसे तुमच्या घरात असतील, तर त्यांच्याकडेही जरा वाकून बघा.

इथे थांबलो असतो, पण एक दिवस सांगायचा राहिला आहे.

शाळेचा अख्खा वर्ग आमची प्रयोगशाळा पाहायला आला होता. सरांनी माझ्यापुढे उभे राहून तोच विनोद केला. मुले हसली, कारण ती पहिल्यांदा ऐकत होती. मग सर आणि वर्गशिक्षिका चहाला गेले, आणि मोठी माणसे गेल्यावर मुले जे करतात ते मुलांनी केले. लपंडाव! राज्य लंबूवर आले. तो खिडकीच्या चौकटीवर डोके टेकवून आकडे म्हणू लागला. कोणी कपाटामागे, कोणी टेबलांखाली. टिल्ली माझ्या टेबलाखाली, निळ्या बादलीच्या मागे. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मॅडम दाराशी उभ्या होत्या, खांद्यावर फडके, हातात चहाचा कप. त्या मुलांना रागावल्या नाहीत.

लंबू शोधायला निघाला. कपाटामागची दोघे सापडली. तो माझ्याजवळून गेला, अगदी हाताच्या अंतरावरून, आणि पाठ करून पुढच्या टेबलाखाली वाकला. टिल्ली बादलीमागून निघाली. ती उठली. गुडघा सरळ झाला. मित्रांनो, मी आयुष्यभर आवाज ऐकले आहेत. पोलादाचा, पितळेचा, तेल संपलेल्या बेअरिंगचा. त्या वेळी मी सगळ्या अंगाचे कान केले. एक पाऊल. दुसरे पाऊल. तिसरे. काही नाही. काहीच नाही. माझ्या संशोधनाच्या सगळ्या वर्षांत मी इतके सुंदर काही ऐकले नव्हते. आपल्याला बोलता येत नाही याचा मला पहिल्यांदाच आनंद झाला. नाहीतर उत्साहाच्या भरात माझ्याच तोंडून काहीतरी निघून गेले असते.

“धप्पा!”

लंबूच्या पाठीत तो असा बसला की कपाटातल्या काचेच्या बरण्या किणकिणल्या. लंबू गर्रकन वळला. “तू? तू कुठून आलीस? ऐकूच नाही आलं!”

“परत राज्य!” टिल्ली ओरडली. “परत राज्य तुझ्यावर!”

सगळा वर्ग लपण्याच्या जागांतून बाहेर येऊन नाचू लागला. त्या गोंधळात माझे लक्ष दाराकडे गेले. मॅडमच्या हातातला चहा हिंदकळून फरशीवर सांडला होता. त्यांनी तिकडे पाहिलेही नाही. खांद्यावरचे फडके घेऊन त्यांनी आधी डोळे पुसले आणि मग टिल्लीकडे बघितले. क्रम चुकला होता. पण तेवढा मी त्यांना माफ केला.